ब्रँडेड वर्कस्टेशनचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचाय, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगाहून जास्त पळवायचाय, बायोसमध्ये मात्र एकही पर्याय नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात जमेल का?

वाळूज_टूलरूम
११ एप्रिल, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. वाळूज एमआयडीसीत माझी छोटी टूलरूम आहे. दोन व्हीएमसी (स्टील कापणारी संगणकी मिलिंग मशीनं), तीन माणसं, आणि प्रोग्रामिंगला मी. प्लास्टिक मोल्डचे कोअर-कॅव्हिटी करतो, मधूनमधून इलेक्ट्रोड.

गेल्या दिवाळीला एक जुनं टॉवर वर्कस्टेशन घेतलं. कंपनी मोठी आहे, नाव घेत नाही. आत इंटेल झिऑन ई५-१६५० व्ही२ आहे. सहा कोअर, बारा थ्रेड, ३.५ गिगाहर्ट्झ बेस, ३.९ टर्बो, १३० वॅट. २०१३ सालची चिप. ३२ जीबी ईसीसी रॅम. मशीन दणकट आहे, घेतल्यापासून एकदाही दगा दिला नाही.

अडचण वेळेची आहे. एका बंपरच्या क्लिपच्या मोल्डचा फिनिशिंग टूलपाथ, म्हणजे कटरने फिरायचा मार्ग, काढायला ४७ मिनिटं लागतात. गिऱ्हाईकाने रेडियस बदलला की परत ४७ मिनिटं. तोवर व्हीएमसी उभं, ऑपरेटर उभा, आणि मी स्क्रीनवरच्या हिरव्या पट्टीकडे बघत बसलेला. परवा एका दिवसात चार वेळा हे झालं. तीन तास गेले. त्या तीन तासांत मशीनने स्टील कापलं असतं.

टास्क मॅनेजरमध्ये बघितलं तर निम्मा वेळ एक-दोनच कोअर पळतात, उरलेल्या वेळात सगळे. सगळे पळाले की घड्याळ, म्हणजे प्रोसेसरचा वेग, ३.६ गिगाहर्ट्झच्या आसपास येऊन थांबतं. एक-दोन पळताना ३.९. आता वाचनात असं आलंय की १६५० ही झिऑनमधली अशी चिप आहे जिचा मल्टिप्लायर (मूळ घड्याळाच्या किती पट पळायचं तो आकडा) इंटेलने मोकळा ठेवलाय. मग मी बायोस उघडला. बूट ऑर्डर आहे, पासवर्ड आहे, पंख्याचा किमान वेग आहे. मल्टिप्लायर, व्होल्टेज, काहीच नाही. चिप मोकळी आणि घर कुलूपबंद, अशी गत.

मशीन माझं आहे, पैसे मी मोजलेत. त्यातली जी ताकद आधीपासून आहे ती मला वापरता यावी एवढंच म्हणणं आहे. कोणी केलंय का? आणि मे महिन्यात शेडमध्ये ते टिकेल का?


परभणीकर
११ एप्रिल, रात्री ११:१५

मी पण हाच प्रश्न घेऊन बसलोय. माझ्याकडे ऑफिसातून निघालेला ब्रँडेड टॉवर आहे, आय७-४७९०. लग्नाचे व्हिडिओ एडिट करायलोय त्याच्यावर. एक्स्पोर्टला जीव जातो. त्याचं पण सांगा कोणीतरी.


देवगिरी
१२ एप्रिल, सकाळी ७:०५

दादा, आधी कुलूप कुठे आहे ते बघू. लोक सगळ्याला मिळून ‘बायोस लॉक’ म्हणतात आणि तिथेच गोंधळ होतो.

पहिलं कुलूप चिपमध्येच असतं. बहुतेक चिपांचा मल्टिप्लायर आधीपासूनच बंद असायचा, २०११ च्या सँडी ब्रिज पिढीपासून इंटेलने मूळ घड्याळही १०० मेगाहर्ट्झला असं बांधलं की ते वाढवलं की पीसीआय एक्स्प्रेस आणि डीएमआय (कार्डांना आणि चिपसेटला जोडणाऱ्या वाटा) हेसुद्धा त्याच्याबरोबर ओढले जातात. चार-पाच टक्क्यांच्या पुढे गेलं की डिस्क रुसते. म्हणून बेस क्लॉकचा रस्ता सोडूनच द्या. ‘के’ अक्षराच्या चिपा मोकळ्या, बाकीच्या बंद, हा साधा नियम. सर्व्हरच्या झिऑन जवळजवळ सगळ्या बंद. पण वर्कस्टेशनसाठी काढलेल्या ई५-१६०० मालिकेत १६५० आणि १६६० मोकळ्या होत्या, व्ही२ मध्ये आठ कोअरची १६८० पण. तुमची त्यातली आहे.

परभणीकर भाऊ, तुमची ४७९० मोकळी नाही. सँडी आणि आयव्ही ब्रिजच्या काळात साध्या चिपांनाही टर्बोच्या वर चार पायऱ्या चढता यायच्या, त्याला योग्य चिपसेट लागायचा. हॅसवेलला, म्हणजे तुमच्या पिढीला, इंटेलने तेही काढून घेतलं. तुमच्या मशीनला घड्याळ वाढवून काही मिळणार नाही. तुमच्यासाठी वेगळं काहीतरी आहे, ते खाली लिहितो.

दुसरं कुलूप बायोसचं. बायोसमध्ये मेनू नाही म्हणजे काम होत नाही असं नाही. मल्टिप्लायर हा शेवटी प्रोसेसरच्या आतल्या एका रजिस्टरमध्ये लिहिलेला आकडा असतो. किती कोअर चालू असताना किती पट पळायचं, याची यादी. बायोस मशीन चालू होताना ती यादी भरतो. नंतर विंडोजमधूनही ती बदलता येते, फक्त बायोसने ते रजिस्टर कुलूप लावून सोडलेलं नसावं. याच पिढीच्या काही वर्कस्टेशनांमध्ये कंपन्यांनी मेनू दिला नाही, पण रजिस्टर उघडं राहिलं. तुमचं तसं आहे का, हे पाच मिनिटांत कळेल. थ्रॉटलस्टॉप नावाचं छोटं सॉफ्टवेअर घ्या, त्यात टीआरएल म्हणजे टर्बो रेशोची खिडकी उघडा. सरकपट्ट्या हलत असतील तर रस्ता आहे. राखाडी असतील तर नाही. इंटेलच्या एक्सटीयूनेही होतं, पण नवी आवृत्ती इतक्या जुन्या चिपला ओळखत नाही, जुनी शोधावी लागते. असं सॉफ्टवेअर प्रोसेसरशी थेट बोलायला स्वतःचा ड्रायव्हर टाकतं, अँटीव्हायरसला तो खटकू शकतो. म्हणून मूळ ठिकाणाहूनच उतरवा, कोणाच्या पेन ड्राइव्हवरून नको.

तिसरं कुलूप वॅटचं. प्रोसेसर स्वतःची वीज मोजत असतो. १३० वॅटच्या पुढे फार वेळ गेला की स्वतःच घड्याळ खाली आणतो. ही मर्यादा बायोसने कुलूपबंद करून ठेवली असेल तर तुम्ही ४२ पट (म्हणजे ४.२ गिगाहर्ट्झ) लिहा नाहीतर ४५, सगळे कोअर पेटले की तो १३० वर येऊन बसणार. एक-दोन कोअरच्या कामाला मात्र ती मर्यादा आड येत नाही. तुमचं निम्मं काम तसंच आहे, म्हणून मला तुमच्या बाबतीत आशा वाटते.

या रस्त्याचं चांगलं म्हणजे मशीन रीस्टार्ट केलं की सगळं मूळपदावर येतं. चूक झाली तर बटण दाबून धरा, परत चालू करा, कोरी पाटी. वाईटही तेच. रोज लॉगिनला ते आपोआप लागावं म्हणून टास्क शेड्यूलरमध्ये टाकावं लागतं, आणि स्लीपमधून उठल्यावर आकडे परत लागले का ते बघावं लागतं.


वाळूज_टूलरूम
१२ एप्रिल, दुपारी १:२०

देवगिरी सर, पट्ट्या हलतात! जेवायच्या सुट्टीत बघितलं. हात थरथरत होता खरं सांगतो. अजून काही बदललं नाही.


गोदाकाठ
१२ एप्रिल, रात्री ९:३०

थांबा जरा. नांदेडला पंधरा वर्षं मशीनं दुरुस्त करतोय म्हणून सांगतो. पट्टी हलली म्हणजे मशीन तयार आहे असं नाही.

चिपला वीज देणारा मदरबोर्डवरचा जो भाग असतो, व्हीआरएम, तो ब्रँडेड वर्कस्टेशनमध्ये चांगला असतो पण मोजून मापून असतो. १३०-१५० वॅटच्या चिपांसाठी बनवलेला. गेमिंग बोर्डावर असते तशी ढील तिथे नाही. आणि त्याच्यावर हवा कुठून येते? बऱ्याच टॉवरमध्ये प्रोसेसरच्या पंख्याचीच उरलेली हवा व्हीआरएमवर जाते, किंवा प्लास्टिकची नळी पुढच्या पंख्याची हवा सरळ नेते. लोक साफसफाई करताना ती प्लास्टिकची नळी काढतात आणि ‘नुसता अडथळा’ म्हणून बाजूला ठेवून देतात. तुमची जागेवर आहे का बघा.

दुसरं, गणित. प्रोसेसरची वीज घड्याळाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. समजा ३.९ ला चिप १.१ व्होल्ट घेते आणि ४.२ ला १.२ मागते. घड्याळ आठ टक्के वाढलं. वीज किती? १.२ भागिले १.१, त्याचा वर्ग, गुणिले १.०८. जवळजवळ २८ टक्के जास्त. आठ टक्के वेगासाठी २८ टक्के उष्णता. ही उष्णता कुठे टाकणार, हा खरा प्रश्न आहे. आणि तुमच्या मशीनवर व्होल्टेज तुमच्या हातात नाही, चिप मागेल ते मिळेल. म्हणजे कमी व्होल्टेजवर जास्त घड्याळ हा घरच्या बोर्डांवरचा कसब इथे चालत नाही.

आता आपला उन्हाळा. इंटरनेटवर ज्यांचे आकडे वाचताय ते २२ अंशाच्या खोलीत बसलेत. हीट सिंक खोलीच्या तापमानाच्या वर ठरावीक अंश चढतो. २४ अंशाच्या खोलीत प्रोसेसर ७२ दाखवत असेल तर त्याच लोडला ४२ च्या शेडमध्ये ९० धरा. पंखा पूर्ण वेगात गेला तर दोन-तीन अंश इकडेतिकडे. एप्रिलच्या रात्री दहाला केलेली टेस्ट मेच्या दुपारी तीनला काही कामाची नाही.

मला हे आकडे द्या. एचडब्ल्यूइन्फो (तापमान, वीज दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून, काहीही न बदलता, पूर्ण लोडवर अर्धा तास: टीजेमॅक्सपर्यंतचं, म्हणजे चिपला चालणाऱ्या कमाल तापमानापर्यंतचं, अंतर किती उरतं, पॅकेज पॉवर किती, शेडमधलं तापमान किती, आणि सॉकेटमध्ये न्यूट्रल-अर्थमध्ये मल्टिमीटर किती दाखवतो. टूलरूममध्ये मोठ्या मोटारी चालतात, शेवटचा आकडा विसरू नका. तीन व्होल्टच्या आत हवा.


जालना_सरकी
१३ एप्रिल, सकाळी ८:४५

मधेच बोलतो, माफ करा. आमचं जिनिंग आहे. आमच्या ऑफिसातल्या पीसीचा हीट सिंक मी उघडला तेव्हा पाकळ्यांमध्ये रुईचं अख्खं पांघरूण बसलेलं होतं. वरून पंखा फिरताना दिसतो, आवाज येतो, हवा मात्र पार जात नाही. ते काढल्यावर तापमान १४ अंशांनी उतरलं. ओव्हरक्लॉकच्या आधी एवढं करा.

आणि एक मनापासून सांगतो. तेरा वर्षांची चिप पळवण्यापेक्षा नवा मधल्या दर्जाचा आय५ घेतला तर एका कोअरच्या कामात तो या झिऑनला फार मागे टाकेल. तुमचे तीन तास रोज वाचत असतील तर पैसे वर्षाच्या आत निघतील.


वाळूज_टूलरूम
१३ एप्रिल, रात्री १०:१०

सरकीवाले दादा, तुमचं बरोबर आहे, मी वाद घालत नाही. पण दुसऱ्या व्हीएमसीचा हप्ता सप्टेंबरपर्यंत चालू आहे. तोवर नवीन मशीन घेणं होत नाही. आणि ईसीसी रॅम, वर्कस्टेशनचं ग्राफिक्स कार्ड, सॉफ्टवेअरचं लायसन्स जे या मशीनला बांधलंय, हे सगळं हलवायचं म्हणजे आठवडा जातो. सप्टेंबरपर्यंत यातूनच काढायचंय.

गोदाकाठ सर, मशीन उघडलं. नळी जागेवर आहे. पाकळ्यांमध्ये रुई नाही, पण कूलंटच्या वाफेचा चिकट थर आणि त्यावर बारीक धूळ, नखाने खरवडावी लागली. आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतलं, थर्मल पेस्ट नवी लावली. जुनी पेस्ट खडूसारखी झाली होती.

न बदलता, पूर्ण लोड, रात्री साडेनऊ, शेडमध्ये ३१ अंश. टीजेमॅक्सपर्यंत २४ अंश उरले. साफसफाईच्या आधी ११ उरत होते. पॅकेज पॉवर ११० च्या आसपास. न्यूट्रल-अर्थ: ७.८ व्होल्ट.


गोदाकाठ
१३ एप्रिल, रात्री १०:५५

७.८ आधी दुरुस्त करा. बाकी सगळं नंतर. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला असेल. काळी माती उन्हात भेगाळते आणि पाइपाला सोडून देते. पाणी घाला, आणि इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रलचे जोड तपासून घ्या. हे ओव्हरक्लॉकसाठी नाही सांगत, तुमच्या ऑपरेटरच्या जिवासाठी सांगतोय.


मांजराकाठची
१४ एप्रिल, सकाळी ६:५०

मी लातूरला स्ट्रक्चरल डिझाइन करते. इमारतींचं विश्लेषण, भूकंपाच्या भारासह. हा धागा दोन दिवस वाचतेय, शेवटी राहवलं नाही.

तुम्ही सगळे हँग होण्याबद्दल बोलताय. मला हँग होण्याची भीती नाही. हँग झालं की कळतं, परत चालू करता येतं. मला भीती आहे मशीन हँग न होता चुकीचं उत्तर देईल याची.

वाळूज दादांनी ईसीसी रॅमचा उल्लेख केला. ईसीसी रॅममधला एक बिट उलटला तर तो दुरुस्त करते, दोन उलटले तर ओरडते. पण ती रॅमची राखणदार आहे. प्रोसेसरच्या कोअरमध्ये दोन आकड्यांचा गुणाकार करताना वेळ अपुरा पडून एक बिट चुकला, तर ईसीसीला त्याचा पत्ता लागत नाही. चुकीचा आकडा रॅममध्ये जातो आणि ईसीसी तो चुकीचा आकडा इमानाने सांभाळते. ओव्हरक्लॉक म्हणजे नेमका तोच वेळ कमी करणं आहे. चिपच्या आतल्या काही भागांना स्वतःची तपासणी असते, तिथली चूक विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया-लॉगर नावाने नोंदली जाते. दुरुस्त झालेली असेल तर १९ क्रमांकाची नोंद. तीही एक जरी दिसली तरी मी त्या घड्याळावर काम करणार नाही.

मी हे एवढं का सांगते? ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी झालं तेव्हा मी सात वर्षांची होते, आमचं गाव औसा तालुक्यात. तेव्हाच्या नकाशात आमचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होता. २००२ साली आयएस १८९३ (भूकंपरोधक बांधकामाचं मानक) बदललं, झोन एक काढूनच टाकला आणि लातूरचा परिसर झोन तीनमध्ये आला. एका आकड्यावर भिंतीची जाडी ठरते, सळईचा व्यास ठरतो. माझ्या मशीनवर मी घड्याळ वाढवणार नाही, माझा निर्णय झालाय. तुमचं काम वेगळं आहे, चुकलं तर ब्लॉक वाया जाईल, माणूस जाणार नाही. तरीसुद्धा तपासायची एक पद्धत सुचवते.

तुमच्या सॉफ्टवेअरचं शेवटचं उत्तर काय असतं? एनसी प्रोग्राम. साधी मजकुराची फाइल. मूळ घड्याळावर एक जॉब दोनदा काढा. दोन्ही फाइली ओळीला ओळ लावून बघा, विंडोजमध्ये ‘एफसी’ आज्ञा आहे त्यासाठी. तारखेची ओळ सोडून बाकी तंतोतंत जुळल्या, तर तुमचं सॉफ्टवेअर दर वेळी तेच उत्तर देतं हे सिद्ध झालं. हे आधी बघणं आवश्यक आहे, काही सॉफ्टवेअरमध्ये अनेक थ्रेडमुळे शेवटच्या दशांशात एरवीही फरक पडतो. एकदा हे ठरलं की वाढवलेल्या घड्याळावर तोच जॉब काढून त्याच फाइलशी जुळवा. प्राइम९५ वगैरे (प्रोसेसरवर ताण टाकणारी हिशेबाची चाचणी) चालवाच, त्याचं उत्तर आधीच माहीत असतं म्हणून ते चूक पकडतं. पण तुमच्या कामाची खरी परीक्षा तुमचंच काम घेईल.


देवगिरी
१४ एप्रिल, सकाळी ९:२०

ताई, फार मोलाचं लिहिलंत. मी इतकी वर्षं यात आहे, पण फाइल जुळवून बघायचं कधी डोक्यात आलं नाही.


वाळूज_टूलरूम
१९ एप्रिल, रात्री ११:३०

उशीर झाला, इलेक्ट्रिशियनची वाट बघत होतो. अर्थिंगचा जोड खरोखर सुटत आला होता. आता न्यूट्रल-अर्थ १.४. मनापासून आभार.

आज रविवार, कारखाना बंद, दिवसभर बसलो. मूळ घड्याळावर सात जॉब दोनदा काढले. तारखेची ओळ सोडून सातही जुळले. म्हणजे ताईंची पहिली अट पूर्ण.

मग चूक केली, सांगतो. उत्साहात सरळ ४४ लिहिलं. विंडोज वीस सेकंदांत गोठलं. बटण दाबून धरलं, परत चालू केलं, काही बिघडलं नव्हतं, पण काळजात धस्स झालं. मग शहाण्यासारखं ४० पासून एकेक पायरी चढलो.

४०: सगळं ठीक. ४१: ठीक. ४२: ठीक, प्राइम९५ दोन तास, इव्हेंट व्ह्यूअर स्वच्छ, सातही फाइली जुळल्या. ४३: प्राइम९५ एक तास बिनतक्रार चाललं. मला वाटलं हेच ठेवू. मग फाइली जुळवल्या. सहा जुळल्या. सातव्यात अकरा हजार ओळींपैकी एका ओळीत झेडचा आकडा वेगळा होता. ०.३ मिलिमीटर खाली. तो प्रोग्राम मशीनवर गेला असता तर कॅव्हिटीच्या तळाला खड्डा पडला असता, आणि मी कटरला दोष दिला असता, नाहीतर ऑपरेटरला. नंतर इव्हेंट व्ह्यूअर बघितला. व्हीया-लॉगर, १९, दोन नोंदी. हँग नाही, काही नाही.

ती ओळ मी कितीतरी वेळ बघत बसलो. ताई, तुमचे उपकार आहेत.

आता ४२ वर आहे, एक-दोन कोअरना. सगळ्या कोअरना ४० ठेवलंय. सगळ्यांना ४२ देऊन बघितलं तर १३० वॅटला टेकून तो स्वतःच ३९-४० ला येत होता, वॅटची मर्यादा बदलायची खिडकी कुलूपबंद आहे. ४७ मिनिटांचा टूलपाथ आता ४२ मिनिटांत येतो.


जालना_सरकी
२० एप्रिल, सकाळी ८:००

पाच मिनिटं. त्यातली थोडी साफसफाईची पण असतील. आधी तापून घड्याळ खाली जात होतं का?


वाळूज_टूलरूम
२० एप्रिल, दुपारी १:१०

तापून खाली जात नव्हतं, ११ अंश उरत होते. तरी तुमच्या म्हणण्याखातर मूळ घड्याळावर परत मोजलं. ४६ मिनिटं ४० सेकंद. म्हणजे साफसफाईने वेग नाही वाढला, वाढायला जागा झाली.


परभणीकर
२० एप्रिल, रात्री ९:४०

देवगिरी सर, माझं राहिलं. आणि एक विचारतो, बायोसची चिप काढून, स्वस्तात मिळतो तो प्रोग्रॅमर लावून, बदललेला बायोस टाकला तर? आमच्याकडे एक जण करून देतो म्हणतोय.


देवगिरी
२० एप्रिल, रात्री १०:२५

करू नका. तुमची चिप जर मल्टिप्लायरला बंद असेल तर जगातला कुठलाही बायोस ती उघडणार नाही, ते कुलूप बायोसमध्ये नाहीच. शिवाय हॅसवेलपासून, म्हणजे २०१३ पासून, इंटेलने बूट गार्ड आणलं. कंपनीला वाटलं तर कारखान्यातच आपल्या किल्लीचा ठसा चिपसेटमध्ये कायमचा जाळून ठेवते. मग बदललेला बायोस टाकला की मशीन चालूच होत नाही. वाळूज दादांच्या पिढीत ते नव्हतं, पण तिथेही उपयोग थोडा. ब्रँडेड बायोसमध्ये व्होल्टेजचा मेनू बऱ्याचदा लपवलेला नसतो, लिहिलेलाच नसतो. आणि तो काळा स्वस्त प्रोग्रॅमर बऱ्याचदा ३.३ व्होल्टच्या चिपला डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट देतो, त्याने चिप मरते.

कंपन्या कुलूप लावतात त्यामागे सगळा लोभच असतो असंही नाही. एका बँकेत पाचशे मशीनं असतात, त्यांना प्रत्येक मशीन सारखं वागलेलं हवं असतं. मोठी सॉफ्टवेअरं ठरावीक मशीनवर तपासून प्रमाणित केलेली असतात. आणि डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट उघडकीस आलं: सॉफ्टवेअरमधून व्होल्टेज खाली आणून प्रोसेसरकडून मुद्दाम चुकीचा हिशेब करवायचा आणि सुरक्षित कप्प्यातली माहिती काढायची. त्यानंतर व्होल्टेजचा दरवाजा बायोस अपडेटने बऱ्याच मशीनांवर बंद झाला. मला स्वतःला वाटतं की मालकाला पासवर्ड देऊन तो उघडायची सोय ठेवायला हवी होती. पण बंद करायला कारण होतं.

तुमच्यासाठी: ४७९० मध्ये इंटेलचं अंगभूत ग्राफिक्स आहे, त्यात व्हिडिओ एन्कोड करणारा वेगळा भाग असतो, क्विक सिंक. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावलं की बरेच ब्रँडेड बायोस तो बंद करतात. तो चालू करता येतोय का बघा आणि एक्स्पोर्टमध्ये हार्डवेअर एन्कोडिंग निवडा. घड्याळ वाढवून जे मिळालं असतं त्याच्या कितीतरी पट मिळेल.


परभणीकर
२१ एप्रिल, दुपारी ३:५०

सर, बायोसमध्ये ‘मल्टी डिस्प्ले’ म्हणून पर्याय होता, तो बंद होता. चालू केला. चाळीस मिनिटांचं लग्न अकरा मिनिटांत निघालं. मी दोन वर्षं उगंच त्रास सोसायलो होतो.


गोदाकाठ
२१ एप्रिल, रात्री ९:००

वाळूज, यूपीएस कोणता आहे? ६०० व्हीएचा असेल तर तो ३६० वॅटच्या आसपासच देतो. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, मॉनिटर मिळून किती होतात ते मोजा. लाईट गेल्याक्षणी यूपीएस मान टाकतो आणि लोक पॉवर सप्लायला दोष देतात. चौकोनी लाटेचा यूपीएस असेल तर या सप्लायशी त्याचं जमत नाही, ते पण बघा. आणि मशीनजवळ वाळ्याचा कूलर लावलाय का? आपल्याकडच्या कोरड्या हवेत त्याने शेड सात-आठ अंशांनी उतरते, फायदा आहे. पण त्याची धार मशीनवर सरळ येऊ देऊ नका. बोअरचं पाणी क्षाराचं असतं, बोर्डावर पांढरी पूड बसते.


वाळूज_टूलरूम
१८ मे, रात्री १०:५०

महिन्याने लिहितोय. यूपीएस बदलला, १ केव्हीए, गोल लाटेचा. कूलर सहा फूट मागे नेला, तोंड भिंतीकडे.

आज दुपारी सव्वातीनला शेडमध्ये ४३ अंश होतं, कूलरचं पाणी संपलेलं. मुद्दाम तसंच ठेवून पूर्ण लोड दिला. ४० वर टीजेमॅक्सपर्यंत ५ अंश उरले, एवढे कमी मला नकोत. उन्हाळ्यापुरतं सगळ्या कोअरना ३८ केलंय, ९ अंश उरतात. एक-दोन कोअरचं ४२ तसंच आहे. थ्रॉटलस्टॉपमध्ये दोन प्रोफाइल करून ठेवलीत, एकाला ‘मे’ नाव दिलंय, दुसऱ्याला ‘श्रावण’. ‘मे’ वर तोच टूलपाथ ४३ मिनिटं २० सेकंद.

दर रविवारी सातपैकी एक जॉब परत काढून जुन्या फाइलशी जुळवतो. आतापर्यंत चार रविवार, चारही जुळले. ऑपरेटरला पण शिकवलंय. परवा त्याने आपणहून विचारलं, साहेब आजची फाइल लावून बघितली का.


मांजराकाठची
१९ मे, सकाळी ६:३०

वाचून फार बरं वाटलं. एक विनंती: पाऊस सुरू झाल्यावर ‘श्रावण’ प्रोफाइल लावाल त्या दिवशी एक नाही, सातही जॉब काढा.


वाळूज_टूलरूम
१९ मे, सकाळी ७:१५

हो ताई. भिंतीवर लिहून ठेवलं.